वीस मिनिटं पुढे

मोहोर लावलेल्या पिशवीतून मी बोलतोय. वडगावच्या कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीत, दुसऱ्या फळीवर, एका गंजलेल्या कुदळीशेजारी माझी जागा आहे. माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, त्यावर गुन्ह्याचा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या.

मी एक डीव्हीआर. कॅमेरा पाहतो, मी साठवतो. माझं स्वतःचं असं काही नाही. तरी सांगायचं आहे, कारण एक माणूस माझ्यामुळे सतरा दिवस कोठडीत बसला. माझ्यामुळे, की माझ्या मालकामुळे, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझे मालक गंगाधरसर. पवनानगरच्या रस्त्यावर, बेडसे फाट्याच्या अलीकडे त्यांचं छोटं घर आहे. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तेव्हा त्यांनी मला आणलं. सरांनी तीस वर्षं पुण्यात पदार्थविज्ञान शिकवलं. रोज कामशेतहून गाडी. ती चुकू नये म्हणून घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे ठेवायची त्यांना सवय. निवृत्त झाले, गाडी सुटली, सवय राहिली. मला बसवणारा माणूस गेला, तसा सरांनी माऊस हातात घेतला आणि मलाही वीस मिनिटं पुढे नेलं. घरातल्या बाकीच्यांबरोबर असावं, एवढाच विचार. पुढे ते विसरूनही गेले.

दोन वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

मग श्रावणातल्या एका पहाटे चिमाबाई भाजीची पाटी घेऊन निघाल्या होत्या, त्यांना आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एका गाडीने उडवलं. मागून आलेल्याने लगेच पोलिसांना फोन केला, सहा बेचाळीसला. चौथ्या दिवशी चिमाबाई गेल्या. पोलिसांनी माझ्याकडची सहा पस्तीस ते पंचेचाळीसची चित्रं पेनड्राइव्हवर नेली. त्यात एकच गाडी होती, सहा एक्केचाळीसला, कामशेतला दूध नेणाऱ्या ओंकारची पिकअप. सरांनी प्रमाणपत्रावर सही केली की यंत्र व्यवस्थित चालू होतं, आणि ओंकारला अटक झाली. खोटं लिहिलं असं त्यांना वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

धडकेपासून पंधराव्या दिवशी ओंकारचे वडील, तिकोणा पेठेचे रखमाजी, घरी आले. खुर्ची दिली तरी जोत्यावरच बसले.

“सर, पोरगं म्हनतं, साडेसाच्या आतच मी कामशेतात दूध टाकलं. डेरीवालाबी त्येच म्हनतो. पन क्यामेऱ्याम्होरं आमचं कोन ऐकतंय?”

“मी काय करणार, रखमाजी? त्यात जे आहे तेच मी दिलं.”

“तुमाला दोस न्हाई देत. आयकून घेतलंत, लय झालं.” ते उठले आणि भिंतीकडे पाहून थबकले. “अगं आय, सव्वाअकरा? अकराची यष्टी गेली की.”

“नाही हो,” सर सवयीने म्हणाले, “आमचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. अजून पाच मिनिटं आहेत.”

रखमाजी घाईने गेले. सर तिथेच उभे राहिले. मग हळूहळू मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“इंदिरा, मी हे पण पुढे केलं होतं का गं?”

“तुम्ही या घरात काय सोडलंय? माझं मनगटी घड्याळसुद्धा पुढे,” सरांच्या पत्नी आतून म्हणाल्या.

सरांनी मोबाइल माझ्या पडद्याशेजारी धरला. दोन वेळा पाहिलं. मग माऊस हातात घेतला. वेळ बरोबर करावी, निदान ही चूक तरी संपेल, असं त्यांना वाटलं असावं.

“हात लावू नका,” इंदिराबाई दारात उभ्या होत्या. “आधी कुणाला तरी विचारा.”

“मी सही केलीय, इंदिरा. मला विचारतील, प्राध्यापक ना तुम्ही?”

“विचारू देत. त्या पोराला आत बसून काय विचारत असतील?”

तरीही सर दोन दिवस विचार करत राहिले. अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. त्यांना ठाऊक नव्हतं की माझ्या पोटात सोळाच दिवस मावतात. जागा भरली की मी सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. ते विचार करत होते आणि मी पुसत होतो. रिकामा रस्ता, कुत्री, पाऊस, हे सगळं त्या सकाळच्या चित्रांवर लिहीत होतो. मला थांबता येत नाही.

सतराव्या दिवशी सकाळी त्यांनी ठाण्यात फोन लावला. तिथून त्यांना न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या सईचा नंबर मिळाला. तिचं पहिलं वाक्य होतं, “सर, आधी त्याची वायर काढा.” त्यांनी तिथल्या तिथे काढली.

दुपारी सई पोलिसांबरोबर आली. मला क्षणभर चालू करायचं होतं, तेव्हा आणखी काही पुसलं जाऊ नये म्हणून तिने माझी डिस्क आधी बाहेर काढून ठेवली. मग स्वतःचा मोबाइल माझ्या पडद्याशेजारी धरून फोटो काढला आणि कागदावर पहिली ओळ लिहिली: यंत्राचं घड्याळ वीस मिनिटं पुढे.

“शून्य त्रुटी,” सर पुटपुटले. “मोजण्याआधी उपकरणाची चूक लिहा. तीस वर्षं मुलांना हेच सांगत होतो मी.”

सईने वर पाहिलं. “बरं झालं तुम्ही ते दुरुस्त नाही केलंत. कुणी केव्हा काय बदललं, याची नोंद आत राहते. आजची तारीख पडली असती, तर कोर्टात विचारलं असतं, आजच का?”

तिने माझ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीवरच काम केलं. दोन वर्षांपूर्वीची वेळ बदलल्याची नोंद तिला सापडली. म्हणजे ओंकार गेला तो सहा एकवीसला, धडकेच्या वीस मिनिटं आधी. खरी सहा एक्केचाळीस माझ्याकडे सात वाजून एक मिनिट म्हणून होती, आणि ती मी जवळजवळ सगळी पुसली होती. नऊ सेकंद उरले होते. त्या नऊ सेकंदांत एक पांढरी मोटार होती, डावा दिवा बंद, नंबरातले चारच आकडे दिसणारे. तीच मोटार त्या सकाळी उर्से टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात पूर्ण नंबरासह दिसली.

ओंकार त्या आठवड्यात घरी गेला. सरांनी कोर्टात सांगितलं, “चूक यंत्राची नाही, माझी आहे. आणि कळल्यावरही मी दोन दिवस गप्प बसलो.” दुसरं वाक्य त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाहेर रखमाजी उभे होते. त्यांनी हातातली छत्री सरांवर धरली आणि रिक्षापर्यंत चालत आले.

आता मी इथे असतो. डिस्क वेगळ्या पाकिटात आहे, पण माझ्या आतली बोटाच्या पेराएवढी बॅटरी अजून जिवंत आहे, आणि तिच्यावर माझं घड्याळ चालतं. खटला त्या पांढऱ्या मोटारीवर चालेल, तेव्हा कुणीतरी ही पिशवी उघडेल. त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. वेळ चुकलेली दिसेल, हात शिवशिवेल, पण ती बरोबर करू नका. चिमाबाईंसाठी साक्ष द्यायला माझ्यापाशी नऊ सेकंद आणि ही वीस मिनिटांची चूक, एवढंच उरलं आहे.