कंडक्टरांचा तोल

सासऱ्यांनी डावा पाय उचलला आणि तिसऱ्या सेकंदालाच भिंत धरली.

"पुन्हा करू या," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. पोरगी वयाने नातीएवढी, पण हातातलं घड्याळ तिने परीक्षेला बसवल्यासारखं रोखून धरलं होतं. "समोर एकाच ठिकाणी बघा, आजोबा. फक्त दहा सेकंद."

दुसऱ्यांदा चार झाले. तिसऱ्यांदा तर पाय उचलायच्या आधीच ते कलले आणि खुर्चीवर बसलेली सून ताडकन उठली.

तेहतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर असलेला हा माणूस. गेल्या महिन्यात मोरीपाशी, कोरड्या फरशीवर, काही कारण नसताना पडला. हाड मोडलं नाही, पण सुनेच्या जिवाला घोर लागला. दर गुरुवारी ते बसने दोन तासांचा प्रवास करून थोरल्या बहिणीकडे जात. ते आता चालू ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बहीण तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आठवड्यातून त्या एका दिवशी ती केस विंचरून घ्यायची आणि भावाशी भांडायला म्हणून उशीला टेकून बसायची.

'एकट्याने प्रवास नको,' फिजिओने कागदावर लिहिलं. खाली चार व्यायामही लिहिले.

जिना उतरताना त्यांनी कठडा सोडला नाही. स्टॉपवर आल्यावर सून म्हणाली, "बाबा, आत्यांशी व्हिडिओवर रोज बोलत जा. मी लावून देत जाईन."

"तिला फोनमधला माणूस कळत नाही. मागे माझं तोंड बघून म्हणाली, हा कोण म्हातारा, बंद करा."

एरवी सून खळखळून हसली असती. सासऱ्यांना घरात कोंडून ठेवायची तिला हौस नव्हती. पण परक्या गावात पडले तर उचलणार कोण, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

बस आली ती गच्च भरून. एक मुलगी जागा द्यायला उठू लागली, तिला सासऱ्यांनी हातानेच बसवलं. सुनेने एका हाताने वरचा दांडा धरला आणि दुसऱ्याने त्यांची बाही. त्यांनी मात्र पाय जरा फाकवले, उजवं पाऊल तिरकं केलं, कंबर सीटच्या कडेला टेकवली आणि दोन्ही हात मोकळे सोडले.

"अहो बाबा, धरा ना कुठेतरी!"

"हात तिकिटाला लागतात," ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. मग हळूच म्हणाले, "पुढे वळण आहे. गुडघे सैल सोड."

वळण सुखरूप गेलं. पण लगेच एक स्कूटर आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बसभर आरडाओरडा झाला. सुनेचा दांडा सुटला, बाही सुटली, ती तोंडावरच आपटायची. पण पाठीशी एक तळवा आला आणि तिला जागच्या जागी उभं करून गेला. सासऱ्यांचं पाऊल तसूभरही हललं नव्हतं. बस पुन्हा वेगात निघाली तेव्हा ते वाकून तिची पर्स उचलत होते.

"लागलं का गं?"

तिने मान हलवली. तिने पुन्हा बाही धरली नाही. उरलेला सगळा रस्ता ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

आपल्या स्टॉपवर दोघं उतरली. बस निघून गेली. फुटपाथवर दोन पावलं टाकली आणि सासरे झोकांडले. त्यांचा हात तिचं कोपर चाचपू लागला. चेहरा एवढासा झाला.

"ही जमीन हलत नाही ना," ते म्हणाले. "पायांना कळतच नाही काय करायचं ते."

तिने त्यांचा हात आपल्या हातात नीट घेतला, दुसऱ्या हाताने फोन काढला आणि आत्यांच्या मुलाला लावला.

"दादा, गुरुवारी बाबांना मी स्वतः बसमध्ये चढवून देते. तिकडे तुम्ही स्टॉपवर या. अगदी दारापाशी उभे राहा आणि हात धरूनच उतरवून घ्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही हो, बसमध्ये कुणी सोबत नको. बसमध्ये काही होत नाही त्यांना."

रस्ता ओलांडेपर्यंत सासऱ्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला, आणि ओलांडल्यावरही सोडला नाही.