घर सोडून निघालेली चिमणी

हॉबर्ट स्टिडम वारला त्या वर्षीच त्याची चिमणी, म्हणजे शेकोटीचं दगडी धुराडं, घरापासून सुटायला लागली. आधी भिंत आणि दगड यांच्यामध्ये सुरी जाईल एवढी फट होती, मग हात जायला लागला, आणि पानगळ सुरू झाली तोवर आमची मांजर खुशाल आत शिरून बसायची.

आमच्या ओढ्याकाठच्या लोकांना चेष्टेला विषय लागतोच. "हॉबर्ट गेला, आता चिमणीही त्याच्या मागं निघाली," असं दुकानात कुणी म्हटलं की हॉबर्टची बायको ऑर्लीनासुद्धा हसायची. मग शेजारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची; आपल्या घरी विस्तव पेटवायचा तिला धीरच व्हायचा नाही.

"टेसी, जन्मभर दगड रचले गं त्यानं. कुणाच्या घरचं काम कधी वाकडं निघालं नाही. आणि आपल्याच घरी असं व्हावं?"

मी कॉफी पुढे करायची. लोकांचा राग यायचा मला, पण डोळ्यांना दिसतंय ते नाकारायचं कसं?

ते घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं. दगडी चिमणी हॉबर्टची, बाकी सगळं लाकूडकाम धाकट्या बर्लचं. बर्ल माणूस सोन्यासारखा, पण आपल्या हातच्या कामात खोट असू शकते हे त्याच्या गावीही नव्हतं. चिमणी एखाद्या वादळात छपरावर कोसळेल आणि वहिनी झोपेतच चिरडली जाईल, या भीतीनं त्याचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता. थंडीच्या तोंडावर तो ट्रॅक्टर आणि लोखंडी दोर घेऊन हजर झाला.

ऑर्लीना खुर्ची घेऊन बाहेर आली आणि चिमणीला पाठ टेकून घेवड्याच्या शेंगा मोडत बसली.

"उठा वहिनी. ही आज पाडायची."

"ओळंबा लावलात?"

"ओळंबा कशाला? आंधळ्यालाही दिसतंय."

"आंधळ्याला दिसलं असेल हो. डोळसानं लावून बघायला काय हरकत आहे?"

बर्लनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं. शेवटी तो शिडी लावून वर चढला आणि चिमणीच्या डोक्यावरून ओळंबा सोडला. खाली वजन डुलायचं थांबेपर्यंत आम्ही बघत उभे होतो. दोरी आणि दगड यांच्यात वर जेवढं अंतर, तेवढंच खाली.

"वारा आहे," बर्ल म्हणाला.

"पानसुद्धा हलत नाही," मी म्हटलं.

त्यानं दुसऱ्या बाजूनं लावून पाहिलं. तिथेही तेच.

"आता घराला लावा," ऑर्लीना म्हणाली.

"घराचा काय संबंध?"

"लावा ना भाऊजी. तुम्हीच बांधलंय, मग भीती कसली?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओढ्याकडच्या कोपऱ्यावरून सोडलेला ओळंबा खाली भिंतीपासून चांगला वीतभर दूर लोंबत राहिला. हॉबर्टनं चिमणीचा पाया खडक लागेपर्यंत खणला होता. बर्लनं घराखाली रोवलेले खांब मात्र ओढ्याच्या बाजूला नुसत्या मातीवर उभे होते. ती माती खचत गेली आणि घर उताराला कललं. चिमणी जागची हललीच नव्हती. घरच तिला सोडून निघालं होतं, आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला आलो होतो.

बर्ल मटकन गवतात बसला. ऑर्लीना आधी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग दगडांवर हात ठेवून म्हणाली, "मीही तुझ्यावर संशय घेतला रे." मला रडू आवरेना.

पुढच्या शनिवारी ओढ्याकाठची सगळी माणसं घर उचलायचे जॅक घेऊन जमली. खडकापर्यंत खणून नवे खांब बसवले. घर करकरत, कुरकुरत इंचाइंचानं माघारी आलं, आणि ऑर्लीना अंगणातून हुकूम सोडत होती. फटीत चुना-सिमेंट बर्लनं स्वतः भरलं आणि घर चिमणीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलं.

"घट्ट बांधा भाऊजी," ती म्हणाली, "पळपुटं आहे ते."

बर्लनं त्या दिवशी मक्याचा कॉर्नब्रेडसुद्धा एकच तुकडा खाल्ला, म्हणून मला काळजी वाटली.

रविवारी चर्चमध्ये पास्टरनं नेहमीसारखं विचारलं, कुणाला उभं राहून साक्ष द्यायची, मनातलं सगळ्यांपुढे सांगायचं आहे का. बर्ल जन्मात कधी उभा राहिला नव्हता. त्या दिवशी राहिला.

"माझ्या भावाची चिमणी वाकली, असं मी गावभर सांगितलं," तो म्हणाला. "चिमणी सरळ आहे. वाकडं माझं काम होतं." मग हातातली टोपी फिरवत त्यानं पुढे सांगितलं, "हॉबर्ट असता तर त्यानं गुपचूप खांब बदलले असते, आणि मला कळूही दिलं नसतं."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा हळूच "आमेन" म्हणाला.

ऑर्लीनानं त्याची बाही धरून त्याला आपल्या शेजारी बसवलं.

"दुपारी जेवायला या, भाऊजी," ती कुजबुजली. "घर गरमच असेल. विस्तव तसाच पेटता ठेवून आलेय."