पेशी ओसरू देऊ नका

सकाळी दहा चाळीसला मशीनने आकडा छापला: पांढऱ्या पेशी ब्याण्णव हजार. अकरा हजारांच्या वर गेल्या तरी इथे भुवया उंचावतात. लॅबवाल्या बाईंनी लगेच स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

रक्त पुरुषांच्या वॉर्डातल्या शिंप्याचं होतं. अकरा वर्षं एचआयव्ही घेऊन, एकही गोळी न चुकवता लोकांची मापं घेणारा हा माणूस नऊ दिवस तापाने फणफणत होता. पेशींची गर्दी ब्लड कॅन्सर वाटावी अशी. पण त्यांच्यात संसर्गाचे गडद ठिपके होते, आणि एकीच्या पोटात तर जंतूंची जोडीच. म्हणजे कॅन्सर नव्हे, जंतुसंसर्ग: घरात उंदीर शिरला म्हणून शरीराने गाव गोळा केलं होतं.

विभागप्रमुखांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

"अहो बाई, पंचवीस वर्षांत असं पाहिलं नाही! परिषदेला हेच न्यायचं."

"साहेब, वॉर्डात कळवते. अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवं."

"थांबा हो! कॅमेरा दुरुस्तीला गेलाय, उद्या येईल. औषध दिलं की पेशी ओसरतात. मला ताज्या रक्ताचे फोटो हवेत. रिपोर्टवर 'कॅन्सरची शक्यता, तपास चालू' एवढंच लिहा. शेरा नको."

"आणि पेशंटच ओसरला तर?"

साहेब तोवर फोनवर कुणालातरी पोस्टरचं शीर्षक सांगत होते.

खिडकीशी शिंप्याची बायको उभी होती. "ताई, काही वाईट निघालं का?"

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात 'कॅन्सर नव्हे, जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक तातडीने सुरू करावं' अशा दोन ओळी टाइप केल्या, सही ठोकली आणि पाकीट बंद केलं. "हे थेट वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातात द्या. वाटेत मोठे साहेब भेटले तरी थांबायचं नाही."

"मी कुठली थांबतेय? ह्यांच्या गोळ्यांच्या वेळांनी अकरा वर्षांत मला घड्याळाचा काटा करून टाकलंय."

सव्वाबाराला अँटिबायोटिकचं पहिलं सलाइन लागलं.

दुसऱ्या दिवशी अकराला कॅमेरा आला. नव्या नमुन्यात पेशी चौऱ्याहत्तर हजार. साहेबांनी लेन्समधून पाहिलं आणि घरचं माणूस गेल्यासारखा चेहरा केला.

दीड वाजता बाईंच्या टेबलावर मेमो आला: 'दुर्मीळ पेशी विभागाच्या परवानगीशिवाय कमी झाल्याबद्दल पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा करावा.'

चार वाजता वॉर्डातून कळलं, शिंप्याचा ताप नऊ दिवसांनी पहिल्यांदा उतरून एकशे दोनवर आला होता. खुलाशाचा कागद अजून कोरा होता.