नागपंचमीला मी मेले नव्हते

२२ ऑगस्ट १९७६, रविवार. सकाळी दहापर्यंत ऊन, नंतर दोन सरी. भिंतींना ओल. पेटीतला दिवा चालू.

मी बोलतेय, भिसेगावातल्या आबाजींच्या ओटीवर काचेच्या पेटीत राहणारी केसाळ कोळी. लोक मला ताटलीएवढी म्हणतात, ते खोटं आहे. जुलैच्या मोजमापात पाय पसरल्यावर मी पाच इंच दोन सूत भरले होते. आबाजी दर रविवारी फूटपट्टी लावतात, त्यामुळे माझं माप मला पाठ झालं आहे.

मला कान नाहीत. डोळे आठ आहेत, पण त्यांना उजेड आणि सावली यांपलीकडे फारसं दिसत नाही. माणसांचं बोलणं लाकडातून आणि वाळूतून माझ्या पायांच्या केसांत येतं. आठ वर्षं एकाच घरातलं बोलणं असं ऐकलं की भाषा येतेच. तारखा मला कळतात, कारण आबाजी वहीत लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणतात.

माझा जन्म मेक्सिको देशातल्या वाळवंटातला. तिथे मला हातभर खोल बीळ होतं आणि त्याच्या तोंडावर रेशमाचा पातळ पडदा होता. आबाजींचा धाकटा भाऊ येसाजी बोटीवर खलाशी. १९६८ साली त्याची बोट तिकडच्या एका बंदरात बारा दिवस अडकली होती. गोदामाच्या रखवालदाराने मला पकडून आणलं आणि स्वतःच्या तळहातावर ठेवून येसाजीला दाखवलं. मी निमूट बसून राहिले. माझी जातच तशी आहे, उगाच कोणाला चावत नाही. त्या निमूटपणानेच माझा घात केला. येसाजीने आपली कोरी लुंगी देऊन मला घेतलं, बिस्किटांच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मला त्यात घातलं. बावन्न दिवस मी त्या डब्यात होते.

घरी आल्यावर येसाजीने डबा उघडून वहिनीपुढे धरला. ती हसेल असं त्याला वाटलं असावं. वहिनीच्या, म्हणजे सुंदराच्या, हातातलं सूप तांदळासकट जमिनीवर आदळलं. त्या घरात माझ्या पायांना कळलेला पहिला आवाज तो.

"भावजी, हे घरात नाय राहणार," ती म्हणाली.

राहिले. कारण आबाजींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी नवीन वही घातली.

आबाजी खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर आहेत. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं त्यांनी स्वतःच शिकून घेतलं, आणि जे शिकले ते लिहून ठेवलं. जुन्या खिडकीच्या काचा कापून त्यांनी माझी पेटी केली. वर बारीक जाळी, कोपऱ्यात फुटक्या मडक्याची खापरी, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुचात पाणी. उल्हास नदीची वाळू त्यांनी कढईत भाजून कोरडी केली. कढई सुंदराची होती. ती पुन्हा चुलीवर चढली नाही, आणि त्याबद्दलचं बोलणं मात्र पुढे चार वर्षं चाललं.

माझं गाऱ्हाणं सांगायचं तर पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागेल. मी कोरड्या मुलखातली. इथे जून ते सप्टेंबर पाणी नुसतं वरून पडत नाही, ते जमिनीतून वर येतं, भिंतीतून येतं, हवेत तरंगतं. वाळू दमट झाली की मी पायांच्या टोकांवर उभी राहते, कधी काचेवर चढून बसते. आबाजींनी चाळीस वॅटचा दिवा लावला. वीज गेली की पेटीजवळ कंदील. त्यांचं लक्ष असतं, नाही असं नाही. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि समजणं वेगळं.

दुसरं गाऱ्हाणं माणसांचं. येणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करतो. आजवर एकानेही ते टाळलेलं नाही. तुमच्या बोटाचं ते टकटक माझ्या आठही पायांत घणासारखं वाजतं. मग प्रश्न ठरलेला, चावते का? आबाजी म्हणतात, नाही. मग माणूस हिरमुसतो. मी काही केलं नाही म्हणून इतकी माणसं नाराज होऊन गेली आहेत की मोजदाद ठेवली असती तर एक वही त्याचीच झाली असती.

शेजारच्या विमलबाईने मला नाव ठेवलं, सवत. सुंदरा विहिरीवर गेली की हाक यायची, "काय गं, सवत जेवली का तुझी?" बायका हसायच्या. सुंदरा घरी येऊन हंडा जरा जोरात ठेवायची, ते मला कळायचं.

पहिली सहा वर्षं ती माझ्या पेटीजवळून जाताना अंग चोरून जायची. तिचं उजवं पाऊल किंचित ओढतं, म्हणून ती मला लांबूनच ओळखू यायची. १९७४ साली आबाजींना विषमज्वर झाला. एकवीस दिवस ते अंथरुणावर होते. वहीतली ती पानं कोरी आहेत. चौथ्या दिवशी ते झोपेतच म्हणाले, तिला झुरळ द्या कोणीतरी. घरात दुसरं कोणी नव्हतं. सुंदराने चुलीतला चिमटा घेतला, मोरीतलं झुरळ पकडलं, डोळे मिटले आणि जाळी वर करून आत सोडलं. मी ते खाल्लं. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

त्यानंतर ती तांदूळ निवडायला माझ्या पेटीशेजारी बसू लागली. आधी गप्प. मग बोलू लागली. शेलूला माहेरी आईला दिसेनासं झालं आहे, मोठ्या मुलीचं पत्र नाही, ह्यांना सांगावं तर हे वहीत डोकं घालून. मी हलायची नाही. हलले नाही म्हणून नाराज न होणारं तेवढं एकच माणूस मला या मुलखात भेटलं.

आता कातीची गोष्ट. आमच्या अंगावरचं कवच वाढत नाही. ते लहान पडलं की टाकावं लागतं. त्याआधी दोन-तीन महिने अन्न नकोसं होतं. मग मी रेशमाची चटई विणते, तिच्यावर पाठीवर उलटी होते, पाय वर करते आणि पडून राहते. पाहणाऱ्याला मी मेलेलीच वाटणार. पाचसहा तासांनी जुनं कवच उकलतं आणि त्यातून एकेक पाय बाहेर ओढायचा असतो. तेव्हा मी आतून साईसारखी मऊ असते. वाऱ्याची झुळूकसुद्धा नको वाटते.

१९७० साली मी हे खापरीखाली उरकलं आणि आबाजींना नुसती कात सापडली. १९७३ साली उघड्यावर झालं. सुंदरा माहेरी होती. आबाजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टुलावर बसून होते. त्यांनी सात पानं लिहिली. शेवटी दोनदा अधोरेखित केलं, 'उलटी दिसल्यास मेली समजू नये. हात लावू नये. पाणी घालू नये.' दोन्ही काती त्यांनी पुठ्ठ्यावर टाचून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, वर वही ठेवली आणि कुलूप लावलं.

लिहिलं म्हणजे सांगून झालं, असं या माणसाला मनापासून वाटतं. किती वेळा मला वाटलं, त्या कुलपावर जाऊन बसावं.

यंदा मे महिन्यात मी खाणं सोडलं. आबाजी रोज लिहायचे, 'खाल्लं नाही.' का, ते त्यांना ठाऊक होतं. सुंदराला नव्हतं. ती रोज एक झुरळ आणायची आणि रोज परत न्यायची. "काय झालं गं तुला?" एवढंच म्हणायची. जुलैच्या शेवटी कारखान्यात दुरुस्तीसाठी मशीन उघडली, आबाजी दोन दिवस शिळफाट्याला सोबत्याकडे राहायला गेले. जाताना घरी काय सांगावं? सरपण कोरडं ठेव, म्हणाले.

३१ जुलै, शनिवार, नागपंचमी. पाऊस सारखा. घरात हळदीच्या पानांतले पातोळे उकडत होते. नऊच्या सुमारास मी उलटी झाले.

दहा वाजता ते ओढतं पाऊल पेटीपाशी आलं आणि थांबलं. मग ते पाऊल धावत गेलं आणि विमलबाईला घेऊन आलं.

"गेली गं तुझी सवत," विमलबाई म्हणाली.

सुंदरा पेटीपाशी खाली बसली. विमलबाईच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढचं ती हळू बोलली. "मग आता? टाकून देनार कुठं?"

"टाकते कशाला? पेरूखाली पुरते."

मी ऐकत होते. माझं कवच आतून सुटायला लागलं होतं. अशा वेळी मला एक बोटही हलवता येत नाही, माझ्याकडे बोटं असती तरी.

सुंदराने दारामागची कुदळ घेतली. कुदळीचा दांडा जमिनीवर टेकल्याचं मला कळलं.

"सुंदरा, शुद्धीवर हायस ना?" विमलबाई म्हणाली. "आज नागपंचमी. आज चिरायचं नाय, तळायचं नाय, आन तू जमीन खणतेस?"

मग कुदळ परत दारामागे गेली. त्या दिवशी जमिनीत लोखंड घालायचं नाही, म्हणून मी आज बोलते आहे. इतर कोणताही दिवस असता तर अकरा वाजता मी पेरूखाली असते.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. देवघरावरच्या फळीवरून तिने काहीतरी काढलं. तांब्याचं होतं, पाटावर ठेवताना बारीक वाजलं.

"अगं, ती गंगेची लोटी," विमलबाई म्हणाली. "काशीवरनं आणलेली. सासऱ्यांनी घरच्यांच्या शेवटच्या घोटासाठी ठेवलेली ना ती? तिचं तोंड फोडतेस? कोळ्यासाठी?"

"आठ वर्सं घरात राहिली ती," सुंदरा म्हणाली. "कोणाचं वाईट केलं नाय. माझं सगळं ऐकून घेतलं. कोरड्या तोंडानं कशी जाऊ द्यू?"

लोटीच्या तोंडावरचा कथलाचा डाग उचकटला. जाळी वर झाली. सहा वर्षं जिने मला पाहायचं टाळलं आणि दोन वर्षं चिमट्यानेच अन्न दिलं, तिने त्या दिवशी पहिल्यांदा मला बोटाने स्पर्श केला. डावीकडचा तिसरा पाय तिने हलकेच बाजूला सारला, तोंडावर तुळशीचं पान ठेवलं आणि गंगेचं पाणी सोडलं.

मला ओरडता येत नाही, हे माझं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं आहे. पाणी कवचाच्या सांध्यांत शिरलं. पान ओलं होऊन पायांच्या मुळाशी चिकटलं. माणसांच्या साऱ्या मुलखातून मला मिळालेली ती एकमेव माया होती, आणि ती यायला दिवस कोणता निवडला, तर हा. तिने पेटीवर धुवट लुगड्याचा तुकडा पांघरला आणि ती पातोळ्यांकडे गेली. जेवली मात्र नाही. ताट वाजलं नाही.

त्या कापडाखाली मी कात टाकली. सात पाय निघाले. आठवा, तिने बाजूला सारलेला, अर्ध्यात अडकला. दुपारी चारपर्यंत मी ओढत होते. शेवटी तो तिथेच सोडला आणि सरपटत खापरीखाली गेले.

१ ऑगस्टला सकाळी सुंदराने कापड काढलं. वाळूवर कात पडली होती, केसांसकट, पायांसकट. तिला ती मीच वाटले. तिने ती केळीच्या पानावर घेतली आणि पेरूखाली पुरली. खणताना कुदळ चार वेळा पडली. मी खापरीखाली होते आणि माझं दफन पायांनी ऐकत होते.

दुपारी आबाजी आले. दारातच तिने सांगितलं. ते छत्रीसकट पेटीपाशी आले, खापरी उचलली, आणि पुन्हा हळूच ठेवली.

"अगं, जिवंत आहे ती. कात टाकलीय. तू कात पुरलीस." मग त्यांना पाटावरची लोटी दिसली असावी. "ही कोणी फोडली?"

"मी."

"मी सगळं लिहून ठेवलं होतं, सुंदरा. उलटी दिसली तर हात लावायचा नाही म्हणून. दोनदा रेघ मारलीय खाली."

"कुठं लिवलंत?"

आबाजींचं पाऊल पत्र्याच्या पेटीकडे वळलं.

"कुलपात," ती म्हणाली. "वहीला सांगितलंत तुमी. मला कधी सांगितलंत?"

पाणी छत्रीवरून जमिनीवर टिपकत होतं. मग पत्र्याच्या पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी ती सात पानं तिला वाचून दाखवली. पहिल्यापासून. ती मधेमधे विचारत होती, ते सांगत होते. ते संपल्यावर दोघं परसात गेली आणि पेरूखालची कात उकरून आणली. अडकलेला पाय तिच्यातच होता.

माझं मागणं मोठं नाही. मला काच मोठी नको, दिवाही आहे तो पुरे. तुमच्या घरात मुकं काही असेल, तर त्याच्याबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते घरातल्या माणसाला तोंडाने सांगा. वही नंतर लिहा. आणि काचेवर टकटक करू नका.

आजचं मोजमाप पाच वाजता झालं. फूटपट्टी आबाजींनी धरली, आकडे सुंदराने वाचले, आणि वहीत तिनेच लिहिले, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत.

लांबी पाच इंच चार सूत. पाय सात. झुरळ एक दिलं. खाल्लं.