चौदा मिनिटं दहा सेकंद

"अकरावा अध्याय काढ. चौदा मिनिटं दहा सेकंदांपासून ऐक," पूर्वी फोनवर सांगत होती. "काकांना मधेच फोन आलाय आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलंय. एका श्रोत्याने कळवलं. काकांना म्हणावं, तेवढा भाग परत वाचून पाठवा."

वैभवी बाबांच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. पुढ्यात त्यांचे स्टीलचे डबे, बाजूला सामान भरायचा खोका.

"पूर्वी, बाबा गेले," ती म्हणाली. "दोन महिने झाले."

पूर्वी पुण्याची. फुकट पुस्तकं ऐकवणाऱ्या त्या वेबसाइटचं मराठी काम ती बघायची आणि बाबांना ओळखायची ती फक्त आवाजाने.  ती हळूच म्हणाली, "सॉरी यार. मला खरंच माहीत नव्हतं."

आता हे बाबा म्हणजे दीनानाथ गुप्ते. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात एकतीस वर्षं रिसेप्शनला. कोण आलं, कुठली खोली, चहा किती वाजता, सगळं असं स्वच्छ सांगायचे की आलेला माणूस परत म्हणून विचारायचा नाही. रिटायर झाले आणि त्या आवाजाला कामच उरलं नाही. आई तर आधीच गेलेली. मग त्यांना कुठूनशी ही वेबसाइट कळली. जगभरच्या तत्त्वज्ञांची जुनी पुस्तकं, लोक घरी बसून वाचतात, लोक फुकट ऐकतात. बाबांनी एका ग्रीक विचारवंताचं, शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मराठीत आणलेलं पुस्तक घेतलं. बावीस अध्याय! पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिन्यात दिल्लीत घामाघूम होऊन वाचायचे.

तिथली पद्धत अशी, की एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पूर्ण ऐकायचं. कुठे खोकला, कुठे कुकरची शिट्टी, कुठे ओळ सुटली, मिनिट-सेकंदासकट तक्त्यात लिहायचं आणि मग 'ओके' करायचं. दुसरं माणूस म्हणून बाबांनी वैभवीचं नाव दिलं.

"मला कशाला, बाबा? मला ते जड मराठी कळत पण नाही."

"म्हणूनच. ऐकशील तर राहील थोडं. अडलं की फोन कर, सांगेन."

तिने एकदाही फोन केला नाही, कारण अडायला आधी ऐकावं लागतं ना. पहिल्या अध्यायाची चार मिनिटं तिने गुरुग्रामच्या कॅबमध्ये लावली, तीही मधूनच, तेवढ्यात मॅनेजरचा कॉल आला आणि झालं. त्यानंतर फाइल आली की ओके. सरळ ओके. बाबा विचारायचे, "काही राहिलं नाही ना गं?" आणि ही म्हणायची, "बिल्कुल नाही. एकदम क्लिअर."

"तुला सांगवत नाहीये मला," पूर्वी म्हणत होती, "पण बाकीचे अध्याय पण परत तपासायला लागतील. हा ओके होता ना, तरी असं निघालं. शुक्रवारपर्यंत तक्ता आला नाही तर पुस्तकच वेबसाइटवरून उतरवावं लागेल. तू नाही म्हणालीस तरी चालेल. दुसरं कोणी मिळतंय का बघते."

"दुसरं कोणी नको," वैभवी म्हणाली. "मी करते."

तिने इअरफोन लावले. अकरावा अध्याय, सरळ चौदा दहा.

बाबा वाचत होते. संयमाबद्दल काहीतरी. मग त्यांच्या फोनची रिंग, आणि लगेच, "हां, बोल वैभवी. निघालीस का?"

 फोन तिचाच होता. तिचा आवाज नव्हता त्यात, नुसते बाबा.

"अच्छा... नाही नाही, ऑफिसचं असेल तर ऑफिसचंच आधी... छे गं, मी कुठे वाट बघतोय, वाचत बसलोय... जेवायला? काही नाही, मुगाची खिचडी टाकणार होतो... हो, पुढच्या रविवारी. चलो, ठेव."

ऑफिसचं काही नव्हतं. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मैत्रिणींचा ब्रंच होता. फोटोसुद्धा आहेत तिच्याकडे.

रेकॉर्डिंग चालूच. खुर्ची सरकली. चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला. पातेल्यावरचं झाकण निघालं, पळी खरवडली, मग डब्याचं झाकण लागलं. एक. मग दुसरं. तिसरं नीट लागेना, बाबांनी त्यावर मुठीने दोनदा मारलं, धप, धप. फ्रीज उघडला, बंद झाला.

वैभवीने खोक्यातून तो तिसरा डबा काढला. कडेला पोचा आलेला, झाकण मारून बसवावं लागणारा. तिच्यासाठी केलेलं वालाचं बिरडं त्यात जायचं, कायम. वाल मिळवायला बाबा आयएनए मार्केटला जायचे, भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचे, दोन दिवसांचं काम. आणि मुगाच्या खिचडीला तीन डबे लागत नाहीत.

चपला परत आल्या. खुर्ची. मग काहीच नाही. कितीतरी वेळ नुसता त्यांचा श्वास. मग घसा खाकरून त्यांनी संयमाचा तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, तसाच स्वच्छ, रिसेप्शनवरचा आवाज.

सतरा मिनिटं दोन सेकंद.

रडू नंतर आलं. आधी तिने लॅपटॉपवर तक्ता उघडला आणि अकराव्या अध्यायासमोर लिहिलं, 'चौदा दहा ते सतरा दोन, काढावे.' कारण बाबांनाही ते चाललं नसतं, तिला माहीत होतं. शेजारी शेऱ्याची जागा होती. तिथे तिने लिहिलं, 'वाचकाचा दोष नाही. तपासणारीने ऐकलं नव्हतं.'

बाहेर बेल वाजली. "दीदी, सामान उठाना है क्या?" टेम्पोवाला होता.

"आज नहीं भैया," ती म्हणाली. "शनिवार को आना."

दार लावून ती परत फरशीवर बसली, पोचा आलेला डबा मांडीवर घेऊन. एकोणीस तासांचं पुस्तक. तिने पहिला अध्याय लावला, यावेळी अगदी सुरुवातीपासून.

पुस्तकाचं नाव झालं. अध्याय पहिला, झालं. मग बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "वाचन, दीनानाथ गुप्ते. ऐकून तपासणी, वैभवी गुप्ते."

बावीस अध्याय होते, म्हणजे हे त्यांनी बावीस वेळा म्हटलं असणार. तिने मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं, आणि मग मिनिट-सेकंद टिपायला पेन्सिल घेतली.