अंगी लागलेलं

पीस वजनकाट्यावर चढली, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या दादाने हळूच आपल्या पायाचा अंगठा फळीवर टेकवला. काटा साठाच्याही पुढे गेला.

"अगं आई गं!" ती किंचाळली. मग खाली बघून तिने त्याच्या पोटरीवर लाथ घातली. "पाय काढ, गाढवा."

पाय निघाला. काटा मागे आला, पन्नासावर थरथरला आणि थांबला.

"पन्नास! दादा, पन्नास भरले!"

दहा महिन्यांपूर्वी याच काट्यावर ती चाळीस भरली होती. म्हणून तर तिचं नाव पीस पडलं होतं. सर्कशीच्या सरावाच्या हॉलमध्ये, म्हणजे एका जुन्या गोदामात, ती रोज दादाच्या उंचावलेल्या हातांवर उलटी उभी राहायची. खाल्लेलं तिच्या अंगी लागत नसे आणि आत्याला त्याचंच भूषण वाटे. आत्यानेच या दोघा भावंडांना वाढवलं आणि शिकवलं. ती स्वतःही एके काळी वर उभी राहणारी. "फुंकर मारली तर उडेल आमची पोर," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. पोरीचं पोट फुगायचं, दोन जिने चढताना तिला धाप लागायची, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी ती सरावात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी शोधून काढलं की गहू आणि जव यांतलं ग्लूटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही. अख्खं घर जिला अंगकाठी समजत होतं, तो आजार होता.

"नुसता गहू सोडून भागणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "झिजलेलं भरून काढायचंय. दिवसाला सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत."

आत्या कामाला लागली. हातात भिंग घेऊन ती प्रत्येक डब्यावरची बारीक अक्षरं वाचू लागली. व्यायामशाळेतल्या एकाने दिलेला पावडरचा डबा तिने "यात जव आहे, मेल्याने वाचलं तरी का?" म्हणत परत पाठवला. मग अंडी, मासे, दही, डाळ, उकडलेले हरभरे आणि येताजाता मूठभर शेंगदाणे असं सुरू झालं. पीसला आयुष्यात पहिल्यांदा खरी भूक लागली. ती सकाळी उठून आरशासमोर दंडाची बेडकुळी काढायची आणि जो दिसेल त्याला दाबून बघायला लावायची.

आता मात्र आत्याने काट्याकडे बघितलं, मग दादाच्या खांद्यांकडे. दादा काही पैलवान नव्हता, त्याचं वजन सत्तावन्न. गेला महिनाभर पीसला वर धरताना त्याचे हात थरथरत होते. आणि दहा दिवसांनी मोठ्या सर्कशीच्या मॅनेजरबाई येणार होत्या. वर्षभराच्या दौऱ्यासाठी त्या एकच जोडी निवडणार होत्या.

"दहा दिवस जरा हात आखडता घे," आत्या पीसला म्हणाली. "मग खा हवं तेवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पीसला पडद्यामागे दादा दिसला. तो दोन्ही मनगटांना ओलं फडकं गुंडाळत होता. मनगटं टम्म सुजली होती.

"काय झालं रे?"

"काही नाही. झोपेत अवघडली."

झोपेत दोन्ही मनगटं एकदम अवघडलेला माणूस तिने पाहिला नव्हता. तिने आपल्या परीने हिशोब लावला: आपलं ओझं. त्या दिवशी तिने रोजच्या चार अंड्यांतलं एकच खाल्लं आणि हरभऱ्यांची वाटी झाकून ठेवली. तिला आपल्या दंडांचा राग आला. मग राग आला याचंच फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी हॉलचा जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागलं. ती कठडा धरून उभी असताना माळ्यावरून दादा उतरला. तो घामाने निथळत होता आणि त्याचे तळवे खडूच्या पावडरीने पांढरे झाले होते.

"काल काय खाल्लंस?"

"खाल्लं की."

"काय ते सांग."

तिने सांगितलं. आत्याचं म्हणणंही सांगितलं. दादा भडकला.

"मी तुझ्या भरवशावर वर चढायला निघालोय आणि तू उपाशी राहतेयस?"

"वर? कुठे वर?"

त्याने तिला दंडाला धरून माळ्यावर नेलं. तिथे एका पिंपावर दोन खांद्यांत असतं तेवढ्या अंतराने दोन लाकडी ठोकळे ठोकलेले होते. दादा त्यांवर हात टेकून उलटा उभा राहिला. पाय हवेत हेलपाटले, जुळले, कसेबसे स्थिर झाले आणि मग तो धपकन गादीवर कोसळला.

"पंधरा दिवस झाले. मनगटं नुसती बोंब मारतायत."

"म्हणजे ती सूज माझ्यामुळे नाही?"

"तुझ्यामुळेच. तुझ्या खांद्यांवर उलटं उभं राहायचंय ना!" तो उठून बसला. "मागच्या आठवड्यात तू साठ किलोचं वाळूचं पोतं खांद्यावर टाकून हा जिना चढलीस. वर गाणं गुणगुणत. मी मागेच होतो."

"खाली मी?" पीस म्हणाली. मग तिला हसू फुटलं आणि काही केल्या थांबेना. "आत्या जीव घेईल आपला."

"म्हणून तिला सांगायचं नाही. आधी खाऊन ये."

पुढचे सहा दिवस पीसने ताट चाटूनपुसून साफ केलं. रोज पहाटे दादा तिच्या खांद्यांवरून पडला. सहाव्या दिवशी एकदाच पडला.

मॅनेजरबाई दुपारी आल्या. त्यांनी खुर्ची घेतली, मांडीवर फाइल उघडली. आत्या सुरक्षेच्या दोराचा पट्टा घेऊन पीसजवळ गेली.

"आत्या, पट्टा मला," दादा म्हणाला.

"वेड लागलंय का तुला? आज?"

"आजच."

परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून आत्याने मुकाट्याने पट्टा आवळला. मग तिने छतावरून आलेला दोर घट्ट धरला.

पीसने पाय रोवले. दादाचं एक पाऊल तिच्या मांडीवर आलं, मग गुडघा पाठीवर, मग दोन्ही तळवे खांद्यांवर. त्याचे पाय वर गेले आणि सगळा भार एकदम तिच्या पाठीतून, मांड्यांतून टाचांपर्यंत उतरला. काही वाकलं नाही, काही डळमळलं नाही. आपण एवढ्या भक्कम होऊ शकतो हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"पीस," डोक्यावरून कुजबुज आली, "फार उंच आहे गं हे."

"मला रोज ठेवतोस तेव्हा नसतं का?"

"तेव्हा मी खाली असतो."

तिच्या मानेवर एक थेंब पडला.

"घाम आहे," दादा घाईघाईने म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

मॅनेजरबाईंनी पेनचं टोपण काढलं. "जोडीची नावं सांगा. आधी कुणाचं घालू? वर आहे त्याचं?"

आत्याची नजर पीसवरून हलत नव्हती. पीसच्या पोटऱ्या, मांड्या, ताठ मान असं ती एकेक बघत होती, जणू ही पोर कुणा दुसऱ्याच्या घरची असावी.

"चुकलंच माझं इतकी वर्षं," ती म्हणाली. मॅनेजरबाईंना त्यातलं काही कळलं नाही. आत्याने हनुवटीनेच पीसकडे खूण केली. "हिचं लिहा आधी. आमच्या कामात खाली उभा असतो त्याचं नाव पहिलं येतं."

"ते मागाहून लिहा हो," वरून आवाज आला. "आधी मला उतरवा."

"थांब रे जरा," पीस म्हणाली. "एवढी काय घाई आहे?"