पाय बुडवल्याशिवाय प्रवेश नाही

आमच्या कोंबड्यांच्या शेडच्या दारात जंतुनाशकाचं घमेलं असतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय नवरा कुणालाही आत घेत नाही. काल तर सख्ख्या बहिणीला त्याने पाय बुडवूनही दारातूनच परत पाठवलं, कारण रस्त्यापलीकडे तिच्या अंगणात चार कोंबड्या आहेत; म्हणे, त्यांचा रोग आपल्याकडे येईल. नणंदबाई तोंड फुगवून गेल्या.

आज दुपारी उन्हाने कहर केला. कोंबड्या चोची वासून धापा टाकू लागल्या. खिडकीची जाळी पिसांनी बुजली होती. ती झाडत बसायला याला धीर कुठला? वारा यावा म्हणून त्याने जाळीच कापून टाकली.

तेवढ्यात नणंदेच्या अंगणातली एक चिमणी उडाली, ती थेट त्या भोकातून आमच्या दाण्यावर येऊन बसली.



मी नवऱ्याला म्हटलं, "विचार की तिला, पाय बुडवलेस का म्हणून."